घटस्फोट झाला, पण खारघरच्या फ्लॅटचं जॉइंट होम लोन तो भरत नाही. बहिणीने आता काय करावं?

नौपाडाकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. थोरल्या बहिणीसाठी विचारतोय. शक्य तेवढे तपशील देतो.

खारघरला टू बीएचके, करारनामा २०१७ चा, दोघांच्या नावाने. कर्जही दोघांच्या नावाने, फ्लोटिंग दराचं. बाकी साधारण ३८ लाख, १५ वर्षं शिल्लक, हप्ता ३७,४२० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. घटस्फोट परस्पर संमतीने, ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून, दीड वर्षापूर्वी. संमतीच्या अटींत एवढंच लिहिलंय: 'सदर सदनिका पतीची राहील, यापुढील सर्व हप्ते पती भरेल व पत्नी आपला हक्क सोडेल.' त्यानंतर कुणीच काही केलं नाही. हक्कसोड झाला नाही आणि बँकेत नावही तसंच आहे.

तिचा पूर्वीचा नवरा पुण्याला असतो. फ्लॅट भाड्याने दिलाय, भाडं २६ हजार, त्याच्याच खात्यात जातं. जून आणि जुलैचा हप्ता परत गेला. बँकेचे फोन आता ताईला येतात. तिचा हातात पगार ६२ हजार. ठाण्यात छोटं घर घ्यायचं म्हणून तिने कर्जाचा अर्ज केला होता, तो सिबिलवर अडकला. त्याला विचारलं तर म्हणतो, आधी हक्कसोडपत्रावर सही कर, मग बँकेचं मी बघतो.

कोर्टाने तो भरेल असं लिहून दिलेलं असताना बँक ताईच्या मागे कशी लागू शकते? तिने हप्ते भरावेत का? आणि सही करावी का?

खातं_नियमित

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: सही अजिबात करू नका. त्याबद्दल इथले जाणकार सविस्तर लिहितीलच. मी बँकेची बाजू सांगतो.

डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, ही त्या दोघांमधली. बँक त्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे ती बँकेला बांधील करत नाही. सहकर्जदार म्हणून केलेल्या सहीचा अर्थ 'अर्धं माझं, अर्धं त्याचं' असा होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. तुमच्या ताईचा पगार ठाण्यात, पत्ता ठाण्यात, फोन उचलणारी तीच. वसुलीवाला तिलाच आधी गाठणार.

आता तारखा. ५ जूनचा हप्ता तसाच राहिला तर ५ जुलैला खातं एसएमए-१ मध्ये, म्हणजे बुडीत होण्याआधीच्या धोक्याच्या यादीत, गेलं. ४ ऑगस्टला ते एसएमए-२ होईल आणि ३ सप्टेंबरला ९० दिवस भरून एनपीए, म्हणजे बुडीत खातं. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. एकदा एनपीए झालं की एखाद-दुसरा हप्ता भरून खातं पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी शून्यावर आणावी लागते. शिवाय तिने आज एकच हप्ता भरला तर तो आधी जूनला वळता होईल आणि जुलैची थकबाकी उभीच राहील. 'या महिन्याचा भरला ना' असं समजून लोक निर्धास्त होतात आणि सिबिलमध्ये उशिराचे दिवस पुढे मोजले जातातच.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. जमत असेल तर दोन्ही हप्ते, म्हणजे ७४,८४० आणि वरचे बाउन्स व दंडाचे पैसे, ३ सप्टेंबरच्या बरंच आधी भरून टाका. दंडाची रक्कम तपासून घ्या. थकबाकीचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

भरताना पथ्यं पाळा. पैसे त्याला देऊ नका, त्याच्या बचत खात्यातही टाकू नका. थेट कर्ज खात्यात, ताईच्या स्वतःच्या खात्यातून, एनईएफटीने. शेरा लिहा: 'जून जुलै हप्ता, सहकर्जदार, वसुली हक्क राखून'. त्याच दिवशी त्याला ईमेल आणि रजिस्टर एडीने पत्र: तुझ्यावर असलेली रक्कम मी भरली, अमुक दिवसांत परत कर. उद्या कोर्टात हाच कागद चालतो.

शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एक, ताईचा सध्याचा पत्ता, मोबाईल, ईमेल नोंदवून घ्या. ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. बँकेच्या नोटिसा कर्जाच्या फाइलमधल्या पत्त्यावर जातात, म्हणजे खारघरच्या फ्लॅटवर. तिथे भाडेकरू आहे. तो नोटीस घेऊन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि इकडे नोटिशीची ६० दिवसांची मुदत संपते. दोन, मंजुरीपत्र, कर्ज करार, खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी मागा. सहकर्जदार म्हणून तिचा तो हक्क आहे, 'पहिल्या अर्जदाराला आणा' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. तीन, खात्यावर टॉप-अप (वाढीव कर्ज) किंवा मुदतवाढ तिच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये असं लिहा.

डिक्रीची प्रत जोडा. बँक त्यामुळे तिला मोकळं करणार नाही, पण वाद आहे हे फाइलवर येतं. नाव काढायला नकार दिला म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे धावू नका, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. उतारा दिला नाही, चुकीचा दंड लावला, सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन आले, यासाठी मात्र तक्रार चालते. आधी बँकेकडे, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल.

आणि गृहकर्जासोबत घेतलेला विमा पाहा. त्याच्या जिवावरचा असेल आणि हप्ते थांबल्यामुळे बंद पडला असेल, तर त्याला काही झाल्यावर ३८ लाखांचं ओझं एकट्या ताईवर येईल.

दरखास्त

बँकेची बाजू वर नीट आली आहे. कोर्टाची मी सांगतो. ताईच्या हातात डिक्री आहे, म्हणजे तिला नव्याने दावा लावायचा नाही. डिक्री दिलेल्या न्यायालयातच अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करायची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली. पैसे वसुलीच्या किंवा दस्त करून देण्याच्या डिक्रीला १२ वर्षांची मुदत असते. पण 'अमुक कृती कर' अशा आज्ञार्थी मनाईहुकमाला तीनच वर्षं. तुमच्या अटींची भाषा इतकी मोघम आहे की समोरचा वकील ती तीन वर्षांत ढकलायचा प्रयत्न करेल. दीड वर्ष गेलंय. वाद उरूच नये म्हणून आत्ताच दाखल करा. भरलेल्या जादा रकमेसाठी वेगळा वसुली दावा लावायची वेळ आली तर तिथेही भरल्या तारखेपासून तीन वर्षं.

दरखास्तीत नुसतं 'तो हप्ते भरत नाही' लिहून भागत नाही. तक्ता जोडा: हप्त्याची तारीख, रक्कम, कुणी भरली, कुठल्या खात्यातून, संदर्भ क्रमांक. सोबत बँकेचा शिक्का असलेला कर्ज खात्याचा उतारा. मागण्या वेगवेगळ्या मांडा.

पहिली मागणी भाड्यावर टाच, म्हणजे जप्ती. त्याला आदेश २१ नियम ४६-अ उपयोगी पडतो: भाडेकरूला नोटीस काढून भाडं कोर्टात जमा करायला लावता येतं. तिथून ते कर्ज खात्यात वळवावं अशी विनंती करा. २६ हजार थेट कर्जात गेले तर महिन्याला ११,४२० एवढाच खड्डा उरतो. आणि हो, लिव्ह अँड लायसन्सचा करार त्याने एकट्याच्या सहीने केला असेल तर त्यालाही हरकत घ्या, करारनाम्यावर नाव दोघांचं आहे.

दुसरी मागणी पगारावर टाच. इथे एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. साध्या पैशाच्या डिक्रीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोन-तृतीयांश सोडून बाकीच्यावरच टाच येते, आणि एकाच डिक्रीसाठी जास्तीत जास्त २४ महिने. पोटगीच्या डिक्रीत हे उलट आहे: फक्त एक-तृतीयांश पगार सुरक्षित, बाकीच्यावर टाच आणता येते. ८० हजार पगार असेल तर पहिल्या प्रकारात महिन्याला साधारण २६,३३३ मिळतात, दुसऱ्यात ५३,३३३ पर्यंत. तुमच्या अटींत हप्ते हा पोटगीचा भाग आहे असं कुठे लिहिलंय का ते पूर्ण वाचा. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही, ते डोक्यातून काढा.

अवमानाचा विचार कुणीतरी सुचवेलच. अटींत 'मी न्यायालयाला हमी देतो' असे शब्द असतील आणि न्यायाधीशांनी ती हमी नोंदवून घेतली असेल तरच त्यात दम आहे. नुसता आपापसातला करार मोडला तर अवमान होत नाही. शिवाय त्याला एका वर्षाची मुदत आहे.

एक अडचण आधीच सांगतो, कारण यात तारखांवर तारखा जातात. डिक्री ठाण्याची आणि फ्लॅट खारघरला. नवी मुंबई म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण वाशी, नेरुळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. आपल्या हद्दीबाहेरच्या मिळकतीविरुद्ध न्यायालय अंमलबजावणी करू शकत नाही. त्यासाठी कलम ३९ खाली डिक्री पनवेलला वर्ग करून घ्यावी लागते. फ्लॅटवर काही करायचं असेल तर हा अर्ज दरखास्तीसोबतच टाका. पगाराची टाच पुण्यातल्या कंपनीवर असेल तर तिथलंही न्यायालय विचारात घ्यावं लागेल.

नौपाडाकर

दोघांचेही मनापासून आभार. अटी पुन्हा वाचल्या, पोटगीचा शब्द कुठेच नाही. 'न्यायालयाला हमी' हेही नाही.

हक्कसोडाबद्दल अजून सांगा. तो म्हणतो, फ्लॅट एकट्याच्या नावावर झाल्याशिवाय दुसरी बँक कर्ज घेत नाही, म्हणून आधी सही हवी. यात तथ्य आहे का? आणि ताईने स्वतःच फ्लॅट ठेवायचा म्हटलं तर?

दस्त_आणि_मुद्रांक

त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. नवी बँक त्याच्या एकट्याच्या नावे कर्ज देताना मालकीही एकट्याची मागते. पण म्हणून ताईने रिकाम्या हाताने सही करायची नाही. सही झाल्यावर तिची मालकी जाईल आणि कर्ज मात्र तिच्या गळ्यात तसंच राहील. करार कायदा कलम ४४ प्रमाणे एका कर्जदाराला सोडलं म्हणून दुसरा सुटत नाही, आणि इथे तर बँकेने कुणालाच सोडलेलं नाही. फ्लॅटवरचं नाव हाच तिच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता आहे.

क्रम असा लावा. त्याने आधी नव्या बँकेचं मंजुरीपत्र आणावं, फक्त त्याच्या नावाचं आणि निदान पूर्ण बाकीइतकं. मग जुन्या बँकेकडून विशिष्ट तारखेपर्यंतच्या पूर्ण परतफेडीच्या रकमेचं पत्र, मूळ कागदांची यादी आणि हक्कसोडाला हरकत नसल्याचं पत्र. फ्लोटिंग दर आणि वैयक्तिक कर्ज असल्यामुळे मुदतपूर्व फेडीचा आकार लागत नाही. या दोन्ही गोष्टी हातात आल्यावर दस्ताचा दिवस ठरवा. त्या दिवशी नव्या बँकेचा प्रतिनिधी जुन्या बँकेच्या कर्ज खात्याच्या नावाचा बँकर्स चेक घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात येतो. चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम हक्कसोडपत्राच्या मजकुरातच लिहायची आणि सोबत ओळ: 'सदर रक्कम कर्ज खात्यात जमा होऊन खाते बंद झाल्याचा दाखला मिळाल्यावरच हा हक्कसोड अंतिम होईल.' टोकन घ्या, अंगठे-फोटो व्हायच्या आधी चेक डोळ्यांनी पाहा, झेरॉक्स काढा. नव्या बँकेला ही ओळ खटकली तर तिथल्या वकिलाशी बोलून दुसरी वाक्यरचना करा, पण चेक क्रमांक दस्तात असलाच पाहिजे.

मुद्रांक हा या प्रकरणातला महागडा भाग आहे आणि तो दीड वर्षापूर्वी स्वस्तात सुटला असता. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. डिक्री झाल्यावर ते पती-पत्नी राहिले नाहीत, सवलत गेली. हक्कसोडपत्राला २०० रुपये फक्त वडिलोपार्जित मिळकतीत आणि ठरावीक नात्यांत. दोघांनी मिळून विकत घेतलेल्या फ्लॅटच्या हक्कसोडाला सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर अभिहस्तांतरणाइतकं, म्हणजे खरेदीखताला लागतं तेवढं, शुल्क. फ्लॅटचं मूल्य ९० लाख धरलं तर अर्धा हिस्सा ४५ लाख, ५ टक्क्यांनी सव्वादोन लाख. दस्ताच्या प्रकाराप्रमाणे स्थानिक अधिभार लागला तर तो वर. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. हे पैसे कोण भरणार याबद्दल तुमच्या अटी गप्प आहेत, तेव्हा सहीआधी लेखी ठरवा.

डिक्रीतच 'सदनिका पतीची राहील' लिहिलंय, मग वेगळा दस्त कशाला, असं विचारतात. मिळकतीचं हस्तांतर करणारी संमतीची डिक्रीही मुद्रांक शुल्काला पात्र असते, सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्वीच स्पष्ट केलं आहे. त्यात तुमच्या अटींत सदनिकेचं पूर्ण वर्णनही नाही. शुल्काबद्दल शंका असेल तर मसुदा घेऊन मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, अर्ज करा. वेळ लागतो, पण आकडा लेखी मिळतो. आयकराचंही सल्लागाराकडून तपासून घ्या: पती-पत्नीत मोबदल्याशिवाय झालेल्या व्यवहाराला जे संरक्षण असतं ते घटस्फोटानंतर गृहीत धरता येत नाही.

सिडको विसरू नका. इमारत सिडकोने बांधलेली असेल किंवा भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क बेलापूरच्या सिडको भवनात भरावं लागू शकतं. सोसायटीत आधी विचारा, भाडेपट्टा सोसायटीच्या नावे झालाय का आणि आधीच्या हस्तांतरांना काय लागलं. सोसायटीचं हस्तांतर शुल्क ५०० आणि प्रवेश फी १०० रुपये. अधिमूल्य (प्रीमियम) महापालिका हद्दीत कमाल २५ हजार, त्यापेक्षा जास्त 'देणगी' मागितली तर देऊ नका. मेंटेनन्सची थकबाकीही बघा, भाडं घेणारा माणूस तेही भरत असेलच असं नाही आणि सोसायटी त्यावर २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावू शकते.

खातं_नियमित

ताईने स्वतः ठेवायचं म्हटलं तर हिशेब सांगतो. ६२ हजारांवर बँका साधारण निम्म्या पगारापर्यंतचा हप्ता धरतात, म्हणजे ३१ हजार. सध्याचा हप्ता ३७,४२०, बसत नाही. साडेआठ टक्क्यांनी मुदत २० वर्षं केली तर हप्ता साधारण ३३ हजार. तरी काठावर. तुम्ही किंवा आईवडिलांपैकी कमावतं कुणी सहकर्जदार झालं तरच जमेल. त्यात अटींप्रमाणे फ्लॅट त्याचा, म्हणजे तो विकायला तयार हवा आणि त्याला मोबदला द्यावा लागणार. मोबदला किंवा मुद्रांकाचं मूल्य ५० लाखांवर गेलं तर एक टक्का टीडीएस कापायची जबाबदारीही तिची. मला यात फारसं शहाणपण दिसत नाही. तिला घर ठाण्यात हवंय.

तिच्या नव्या कर्जाबद्दल: खारघरचा पूर्ण हप्ता तिच्याच नावे धरला जातो, अर्धा नाही. त्याने सलग १२ महिने स्वतःच्या खात्यातून भरल्याचा उतारा आणि डिक्री दाखवली तर काही बँका तो हप्ता वजा करतात. पण आत्ताच दोन हप्ते परत गेलेत, त्यामुळे वर्षभर तरी हा मार्ग बंद.

सडेतोड_ऐरोली

एवढी यातायात कशाला? एकही रुपया भरू नका. फ्लॅट ९० लाखांचा, कर्ज ३८ लाख. बँक लिलाव करेल, आपले पैसे घेईल, ताई सुटेल. फ्लॅट त्याचा आहे, नुकसान त्याचं.

दरखास्त

सडेतोडराव, राग रास्त आहे, पण हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. लिलावाची वाट कशी असते ते पाहा.

एनपीए झाल्यावर सरफेसी कायदा २००२ (बँकेला तारण विकून वसुली करू देणारा कायदा) च्या कलम १३(२) ची नोटीस, ६० दिवस. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यायचं. मग १३(४) खाली प्रतीकात्मक ताबा: दारावर नोटीस आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. त्या जाहिरातीत कर्जदार म्हणून ताईचं नाव छापून येतं. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, खारघर असल्यामुळे रायगडच्या. मग मूल्यांकन, राखीव किंमत, लिलावाची ३० दिवसांची नोटीस. पहिल्या लिलावाला बोली आली नाही तर राखीव किंमत उतरवतात. मधे तो किंवा भाडेकरू डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला तर आणखी काळ. या सगळ्यात व्याज आणि खर्च कर्जात चढत राहतो, आणि ताईच्या सिबिलवर दर महिन्याला एनपीएची नोंद पडत राहते. तोवर तिला गृहकर्ज विसरा, साधं वाहनकर्जही मिळणार नाही.

उरलेली रक्कम परत मिळते हे खरं, पण कुणाला किती यावर पुन्हा भांडण. शिवाय कर्ज बुडवून घेतलेली तडजोड असेल तर सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा येतो, 'क्लोज्ड' नाही, आणि तो दोघांच्याही नावापुढे.

विकायचंच असेल तर उघड बाजारात विकावा. त्याला वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस द्या, तीन पर्याय ठेवून: वर सांगितलेल्या क्रमाने नव्या बँकेत कर्ज हलव, किंवा संमतीने विक्री कर आणि खरेदीदाराच्या बँकेचा पहिला चेक थेट कर्ज खात्यात, किंवा दरखास्तीला तयार राहा. बहुतेक वेळा भाड्यावर टाच येणार हे कळल्यावर माणूस पहिल्या दोनपैकी एकावर येतो. तो अडूनच बसला आणि विषय विक्रीवर आला, तर नावावर मालकी दोघांची असल्यामुळे वाटणीचा दावा लावून १८९३ च्या वाटणी कायद्याखाली विक्री मागता येते, पण तुमच्या अटींत ती हक्क सोडेल असं लिहिल्यामुळे तिथे त्याला बचाव आहे. म्हणून मी दरखास्तीलाच पहिलं स्थान देतो.

सानपाडा_पूर्व

वाचून घाबरायला झालं. माझी संमतीची याचिका अजून दाखल व्हायची आहे, फ्लॅट जॉइंट, कर्ज जॉइंट, फ्लॅट नवरा ठेवणार आहे. अटींत नेमकं काय लिहून घेऊ?

दरखास्त

ताई, तुम्ही योग्य वेळी विचारलंत. शक्य असेल तर कर्ज आणि नाव दोन्ही हलवूनच दुसऱ्या प्रस्तावावर (सेकंड मोशन, कोर्टापुढचं अंतिम निवेदन) सही करा. पहिला आणि दुसरा प्रस्ताव यांत साधारण सहा महिने असतात, हा काळ त्याला नवं कर्ज करायला पुरतो. सहा महिने माफ करून घेता येतात, पण कर्ज हललं नसेल तर माफीची घाई करू नका. डिक्रीआधीच बक्षीसपत्र झालं तर २०० रुपयांची सवलतही मिळते, फक्त अधिभार लागतो का ते दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढून घ्या.

तेवढ्यात होत नसेल तर अटींचा मसुदा या धर्तीवर असू द्या, शब्द तुमच्या वकिलाकडून पक्के करून घ्या:

'याचिकेच्या परिशिष्टात वर्णन केलेल्या सदनिकेवरील कर्ज खाते क्रमांक अमुक यातील सर्व देय रक्कम पती हा पत्नीच्या पोटगीचा भाग म्हणून प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेपूर्वी भरेल, अशी हमी तो या न्यायालयास देत आहे. डिक्रीपासून १८० दिवसांत तो सदर कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावे हस्तांतरित करून पत्नीस दायित्वातून मुक्त केल्याचा बँकेचा दाखला देईल. सदर दाखला मिळाल्यावर १५ दिवसांत पत्नी आपल्या हिश्श्याचा दस्त करून देईल. मुद्रांक व नोंदणी खर्च पतीचा. लागोपाठ दोन हप्ते थकल्यास किंवा १८० दिवसांत कर्ज हस्तांतरित न झाल्यास सदनिका विकली जाईल, विक्रीतून प्रथम कर्ज फेडले जाईल, व पती सहीस न आल्यास न्यायालयाने नेमलेला अधिकारी त्याच्या वतीने दस्तावर सही करेल.'

सदनिकेचं वर्णन याचिकेतच घालणं महत्त्वाचं. याचिकेचा विषय नसलेली मिळकत नंतर डिक्रीत घुसवली तर तिची वेगळी नोंदणी लागते. शेवटची ओळ आदेश २१ नियम ३४ वर बेतलेली आहे. ती नसली तरी नियम लागू होतो, पण असली की वाद आटोपतो. त्यात पद्धत अशी: तुम्ही दस्ताचा मसुदा कोर्टात द्यायचा, कोर्ट तो समोरच्याला हरकतीसाठी पाठवतं, हरकत निकाली निघाली की योग्य मुद्रांकाच्या कागदावर उतरवून न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही करतो. त्या सहीला त्याच्या सहीइतकंच वजन.

आणि मालमत्ता-दायित्वाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं तर त्यात हे कर्ज पूर्ण रकमेने दाखवा. 'अर्धं' लिहू नका.

नौपाडाकर

ताईशी बोललो. या आठवड्यात शाखेत अर्ज आणि थकबाकी भरणं, पुढच्या आठवड्यात नोटीस. शेवटचं एक: समजा त्याने कर्ज नव्या बँकेत हलवलं, तर ताई खरंच मोकळी झाली हे कसं ओळखायचं?

खातं_नियमित

पाच कागद पाहा. जुन्या बँकेचा 'काही देणं बाकी नाही' दाखला, त्यावर ताईचंही नाव हवं. खातं बंद झाल्याचा शून्य बाकीचा उतारा. मूळ कागद नव्या बँकेला किंवा त्याला दिल्याची पोच, तिची प्रत तुमच्याकडे. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत कागद आणि बोजा मोकळा करणं बँकेला बंधनकारक आहे, त्यापुढच्या उशिराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सोसायटीच्या नोंदीतून जुन्या बँकेचा बोजा आणि ताईचं नाव, दोन्ही काढल्याचं सोसायटीचं पत्र. आणि नव्या बँकेच्या मंजुरीपत्राची प्रत, कर्जदार एकच आणि हमीदार म्हणूनही ताईचं नाव नाही हे बघण्यासाठी. घाईत पुढे केलेल्या कागदांत हमीदाराची ओळ सरकवलेली असू शकते, म्हणून प्रत्येक पान वाचा.

दीड महिन्याने सिबिलचा अहवाल काढा. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तेव्हा सिबिलसोबत एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कचाही काढा. ठाण्यातली नवी बँक कुठला बघेल ते आपल्या हातात नसतं. खातं 'क्लोज्ड' दिसलं नाही तर अहवालाच्या संकेतस्थळावरच वाद नोंदवा आणि दाखला जोडा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. जून-जुलैच्या उशिराची नोंद मात्र पुसली जाणार नाही, ती खरी आहे. नव्या कर्जाच्या अर्जासोबत डिक्री, ताईने भरल्याचा उतारा आणि एक पानी खुलासा जोडा.